मसाज चेअर आणि दंतवैद्याची पाठ

दंतवैद्यकाच्या व्यवसायात पाठदुखी जवळजवळ गृहीतच धरलेली असते. खालच्या अक्कलदाढेपर्यंत नजर पोचवायची तर मान पुढे आणि उजवीकडे झुकवावी लागते, उजवा खांदा नकळत वर उचलला जातो, उजवा पाय ड्रिलच्या पेडलवर असतो आणि एकदा दात उघडला की रूट कॅनालचे त्या दिवसाचे काम होईपर्यंत या स्थितीतून फारसे हलता येत नाही. नाशिकला माझे क्लिनिक आहे आणि वीसहून अधिक वर्षे मी असे काम करत आले आहे. सुरुवातीला रात्रीच्या झोपेने जाणारा ताठरपणा हळूहळू सकाळपर्यंत टिकू लागला. उजव्या फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या, आतल्या कडेला एक ठरावीक जागा सतत ठणकत असे आणि कमरेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू संध्याकाळपर्यंत इतके आखडलेले असत की स्टुलावरून उठल्यावर सरळ उभे राहायला क्षणभर थांबावे लागे.

अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासणी करून एमआरआय काढून घेतला. कमरेचा पाचवा मणका आणि त्याखालचे त्रिकास्थी यांच्यामधली चकती थोडी फुगलेली दिसली, पण मज्जातंतूवर दाब नव्हता. या वयात आणि या व्यवसायात असे चित्र सर्रास दिसते, त्यामुळे त्या अहवालाला घाबरण्याचे कारण नाही आणि तुमचा त्रास मुख्यतः स्नायूंचा आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांनी ज्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवले, त्यांनी व्यायाम दिले. परंतु रात्री क्लिनिक बंद करून घरी आल्यावर स्नायू इतके ताठलेले असत की साधे मार्जारासन करतानाही कमरेत चमक निघे आणि व्यायाम अर्धवट सुटे. मसाज चेअरचा विचार या टप्प्यावर सुरू झाला. फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, खुर्ची जरूर घ्या, फक्त खुर्चीतून उठल्यावर लगेच व्यायाम झाला पाहिजे. खुर्चीतच झोप लागणार असेल तर पैसे वाचवा."

खरेदीपूर्वी मी या यंत्राविषयी बरेच वाचले. मसाज चेअर ही मूळची जपानी वस्तू आहे. ओसाका शहरात नोबुओ फुजिमोतो यांनी 1954 मध्ये तिचे कारखान्यात उत्पादन सुरू केले आणि या खुर्च्या तिथल्या सार्वजनिक स्नानगृहांमध्ये, गरम पाण्याने अंघोळ करून बाहेर आलेल्या माणसांसाठी ठेवल्या जाऊ लागल्या. आधी उष्णता आणि मग दाब हा क्रम आपल्याकडच्या मालिशवाल्या बाईंच्या क्रमाच्या अगदी उलटा आहे. त्या आधी तेल जिरवतात आणि मग शेक-शेगडी किंवा कढत पाणी येते. दोन्हींत उष्णता मात्र आहेच, आणि माझ्या अनुभवात खुर्चीच्या उपयोगाचा बराच वाटा उष्णतेचाच निघाला.

दुकानातला अनुभव करमणुकीचा होता. विक्रेत्या मुलाने खुर्चीत बसवून सर्वांत जोरकस कार्यक्रम लावला आणि तोंडाने माहितीचा पट्टा सुरू केला: या खुर्चीने मणका सरळ होतो, सरकलेली डिस्क जागेवर बसते, शरीरातली विषद्रव्ये निघून जातात, स्नायूंत साठलेले लॅक्टिक ॲसिड वितळते. यांतला एकही दावा खरा नाही. लॅक्टिक ॲसिडचा संबंध जोरदार श्रमांशी असून ते साधारण तासाभरात रक्तातून आपोआप कमी होते, दिवसभर स्टुलावर बसून आखडलेल्या पाठीशी त्याचे काही देणेघेणे नसते. चकतीचे म्हणाल, तर खुर्चीचे रोलर मणक्यांना स्पर्शसुद्धा करत नाहीत, किंबहुना त्यांनी करू नये अशीच त्यांची रचना असते. मी हे त्या मुलाला सांगितले नाही, कारण तो पाठ केलेले बोलत होता, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या मालकांना ते पाठांतर हवे होते.

ही रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण खुर्ची कशी वापरायची हे तिच्यावरच ठरते. पाठटेकीच्या आत एक वाकडा लोहमार्ग असतो. मान, पाठ आणि कमर यांच्या नैसर्गिक बाकाप्रमाणे वळलेल्या मार्गाला एस-ट्रॅक म्हणतात, आणि तोच मार्ग पुढे नितंबांखालून मांड्यांपर्यंत नेला की त्याला एल-ट्रॅक किंवा एसएल-ट्रॅक म्हणतात. या मार्गावरून एक गाडा वरखाली फिरतो आणि त्यावर रोलरांच्या जोड्या असतात. दोन्ही बाजूंच्या रोलरांमध्ये मोकळे अंतर ठेवलेले असते, ज्यातून मणक्यांचे मागचे काटे दाब न लागता जातात आणि दाब पडतो तो कण्याच्या दोन्ही अंगांनी मानेपासून कमरेपर्यंत उतरणाऱ्या लांब स्नायूंवर. हेच स्नायू आपल्याला ताठ धरून ठेवतात आणि पुढे झुकून काम करणाऱ्या माणसाच्या शरीराचा वरचा भार दिवसभर यांनीच पेललेला असतो. रोलर थोडे तिरपे बसवलेले असल्यामुळे ते फिरताना स्नायू आत-बाहेर दाबला जातो. आळीपाळीने आपटले की थापटल्यासारखे होते. स्वस्त खुर्चीत रोलर फक्त वरखाली आणि आडवे जातात, त्याहून महाग खुर्चीत ते पाठीत किती खोल शिरावेत हे ठरवता येते, आणि हालचालीच्या मध्येच वेग बदलता येत असेल तर जाहिरातीत त्याला 'फोर-डी' म्हटले जाते. या चौथ्या मितीसाठी लाखभर रुपये जास्त मोजावेत की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी मोजले नाहीत, परंतु खोली कमी-जास्त करण्याची सोय मात्र आवर्जून घेतली आणि तो निर्णय योग्य ठरला.

खुर्चीच्या मागे झुकलेल्या स्थितीला दिलेल्या 'झिरो ग्रॅव्हिटी' या नावाचीही अशीच गंमत आहे. अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकावर 1973-74 मध्ये राहिलेल्या अंतराळवीरांची शरीरे सैल सोडल्यावर कोणत्या स्थितीत तरंगतात, याची नोंद नासाने केली होती. त्यात धड आणि मांडी यांच्यातला कोन सरासरी 128 अंशांच्या आसपास आढळला. खुर्ची मागे झुकून गुडघे जवळजवळ छातीच्या पातळीला आणते, तेव्हा साधारण हाच कोन साधण्याचा प्रयत्न असतो. गुरुत्वाकर्षण अर्थातच जागेवर असते. होते एवढेच की धडाचा भार कण्यावरून उभा खाली न जाता पाठटेकीवर पसरतो, कमरेचे स्नायू सुटतात आणि पाठ रोलरांवर आपल्या वजनानेच टेकते. त्यामुळे याच स्थितीत मसाजचा जोरही वाढतो, हे दुकानात कोणी सांगत नाही. बसलेल्या स्थितीत सौम्य वाटणारा कार्यक्रम झुकलेल्या स्थितीत हाडापर्यंत पोचल्यासारखा वाटू शकतो.

खुर्ची घरी येण्याचा भाग थोडक्यात सांगते. शंभर किलोच्या आसपास वजन, लिफ्टमध्ये न मावणारे खोके, दोन्ही बाजूंचे हात वेगळे करून मग दारातून आत, आणि बैठकीतला सोफा भिंतीच्या दुसऱ्या अंगाला. भिंतीपासून अगदी थोड्या अंतरावर ठेवता येणारी, झुकताना स्वतःच पुढे सरकणारी खुर्ची निवडल्यामुळे जागेचा प्रश्न सुटला. विजेचा खर्च नगण्य आहे, कारण अशी खुर्ची एका मध्यम मिक्सरपेक्षाही कमी वीज घेते. अर्थिंग असलेला प्लग मात्र हवाच.

सुरुवातीच्या दिवसांत माझी खरी अडचण उंचीची निघाली. खुर्ची चालू झाली की रोलर एकदा मानेपर्यंत जाऊन येतात आणि खांदा कुठे आहे याचा अंदाज घेतात. यालाच बॉडी स्कॅन म्हणतात. माझी उंची पाच फुटांपेक्षा जेमतेम जास्त आहे आणि यंत्राने माझे खांदे प्रत्यक्षापेक्षा वर असल्याचे ठरवले होते. परिणामी रोलर खांद्याऐवजी मानेच्या बाजूंवर दाब देत. मानेच्या पुढच्या आणि बाजूच्या भागातून महत्त्वाच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जातात आणि तिथे यंत्राचा दाब पडू देणे मला डॉक्टर म्हणून मान्य नव्हते. रिमोटवर खांद्याची जागा हाताने खाली घेण्याची सोय होती, पण ती शेवटच्या खुणेपर्यंत नेऊनही थोडे अंतर उरत होते. शेवटी बैठकीवर एक घट्ट, चपटी उशी ठेवली, धड दोन-तीन इंच वर आले आणि रोलर जिथे थांबायला हवे तिथे, म्हणजे खांद्याच्या माथ्यावर, थांबू लागले. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या बायकांनी दुकानात ही एक गोष्ट तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण या खुर्च्या सहसा त्याहून उंच शरीर गृहीत धरून बनवलेल्या असतात.

दाबाचे गणित बसायला आणखी काही काळ गेला. पहिल्या संध्याकाळी सौम्य कार्यक्रम लावूनही दुसऱ्या दिवशी पाठ ठणकली. फिजिओथेरपिस्टनी याची कल्पना आधीच दिली होती: वर्षानुवर्षे आखडलेल्या स्नायूला अचानक दाब मिळाला की तो दिवसभर कुरकुरतो, पण हे दुखणे दोन दिवसांच्या पुढे टिकले किंवा काळेनिळे वळ उठले तर दाब जास्त आहे असे समजायचे. मग पाठ आणि रोलर यांच्या मध्ये आईने शिवलेली पातळ गोधडी दुहेरी करून टाकली. खुर्चीच्या सर्वांत हलक्या पातळीपेक्षाही हलका दाब हवा असेल तर हा उपाय उत्तम आहे. आठवड्याभराने गोधडी एकेरी केली आणि पुढे काढून टाकली. दाब इतकाच असावा की दाबलेल्या जागी 'बरे दुखते आहे' असे वाटावे आणि श्वास अडकू नये. श्वास रोखून धरावा लागत असेल तर स्नायू दाबाविरुद्ध आकसत असतो, आणि अशा वेळी पुढची सगळी मिनिटे फुकट जातात.

यंत्राची एक मर्यादा मला फार लवकर जाणवली. ते दोन्ही बाजूंना सारखा दाब देते आणि माझी पाठ दोन्ही बाजूंनी सारखी नाही. उजवा फरा दिवसभर ताणलेला असतो, डावा त्यामानाने निवांत. हाताने मालिश करणारी बाई पहिल्या दोन मिनिटांत ओळखते की कुठे बोट टेकवल्यावर रोगी दचकतो, आणि मग तिथेच अंगठा रोवून बसते. खुर्चीला हे कळत नाही. यावर मी काढलेला तोडगा साधा आहे. एक नॅपकिन घट्ट गुंडाळून डाव्या फऱ्याखाली, रोलरच्या वाटेच्या बाहेर, बरगड्यांच्या बाजूला ठेवायचा. त्यामुळे शरीर किंचित उजवीकडे कलते आणि उजव्या बाजूचा रोलर जास्त खोल उतरतो. मग हाताने चालवायच्या पर्यायात जाऊन गाडा नेमका त्या ठणकणाऱ्या जागेवर थांबवायचा आणि वेग सर्वांत कमी करायचा. रोलर त्या जागी पहिल्यांदा येतो तेव्हा चिंचोक्याएवढी गाठ त्याखालून निसटल्याचे स्पष्ट जाणवते, काही फेऱ्यांनंतर ती निसटायची थांबते आणि त्या जागी नुसता बोथट, पसरलेला दाब उरतो. ही गाठ तेवढ्यात विरघळते असे मी म्हणणार नाही. अशा जागा नेमक्या कशाने बनतात यावर तज्ज्ञांतही वाद आहेत. सतत आकसलेल्या स्नायूत रक्तपुरवठा मंदावतो, दाब आणि शेक यांनी तो वाढतो, आणि दाबाची संवेदना मेंदूकडे जाताना वेदनेची धार काही काळ बोथट होते, इतके मात्र समजण्यासारखे आहे.

आता माझी पद्धत ठरून गेली आहे. क्लिनिकहून आल्यावर जेवणाआधीच खुर्चीत बसते, कारण भरल्या पोटी मागे झुकले की आंबट ढेकर येतात. केसांचा चाप, गळ्यातली साखळी, ओढणी आणि खिशातला फोन बाजूला काढून ठेवते. पहिली काही मिनिटे रोलर बंद ठेवून फक्त कमरेचा शेक चालू करते आणि खुर्ची मागे झुकवते. मग कमरेपासून वर, मंद गतीने मसाज, त्यात उजव्या फऱ्यापाशी मुक्काम. सगळे मिळून वीस मिनिटांच्या आत संपवते. बहुतेक खुर्च्यांचा टायमरही पंधरा ते तीस मिनिटांत यंत्र बंद करतो आणि तो पुन्हा पुन्हा लावत बसण्यात काही अर्थ नाही, कारण जास्त वेळाने जास्त आराम मिळत नाही, फक्त स्नायू हुळहुळे होतात. पाय धरून ठेवून पाठटेक खाली नेणारा 'स्ट्रेच' कार्यक्रम मी अजिबात लावत नाही. फुगलेली चकती असताना यंत्राने कमर ताणू देऊ नये, असे फिजिओथेरपिस्टनी बजावले आहे. उठल्यावर लगेच चटईवर मार्जारासन, पालथे झोपून छाती उचलणे, हनुवटी मागे खेचणे आणि दाराच्या कडीला बांधलेला रबरी पट्टा दोन्ही हातांनी मागे ओढणे. पूर्वी अर्धवट सुटणारे हे व्यायाम आता पूर्ण होतात. खुर्चीने मला दिलेला सर्वांत मोठा फायदा कोणता असे विचारले तर मी हाच सांगेन.

काही महिन्यांनंतर काय बदलले आणि काय नाही, हेही नोंदवते. फऱ्याजवळचा ठणका बराच कमी झाला आहे, रात्री कूस बदलताना जाग येत नाही आणि सकाळचा ताठरपणा अंघोळीपर्यंत ओसरतो. खुर्चीतून उठल्यानंतरचा मोकळेपणा मात्र काही तासांचाच असतो. दुसऱ्या दिवशी लांबलचक काम निघाले की संध्याकाळी पाठ पुन्हा पहिल्यासारखी आखडते. वैद्यकीय संशोधनाचे म्हणणेही याच्याशी जुळते. कॉक्रेन संस्थेने 2015 मध्ये कंबरदुखीवरील मालिशच्या 25 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा अल्पकाळ आराम पडल्याचे दिसले, पण पुराव्याचा दर्जा कमकुवत ठरवला गेला. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत अलीकडे सुरू झालेल्या कंबरदुखीसाठी शेक आणि मालिश यांचा समावेश आहे, तर जुनाट दुखण्यासाठी व्यायामाला पुढे ठेवले आहे. शिवाय हे अभ्यास प्रामुख्याने माणसाच्या हातांनी केलेल्या मालिशचे आहेत, त्यांचे निष्कर्ष खुर्चीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. कमरेच्या अगदी खालच्या भागात, त्या फुगलेल्या चकतीच्या पातळीवर, फार वेळ बसल्यावर येणारे खोल दुखणे खुर्चीने तसूभरही हलले नाही. ते व्यायामाने आणि मध्येमध्ये उभे राहून काम करण्याने थोडे कमी झाले.

आमच्या सासूबाईंना या खुर्चीचे पहिल्यापासून आकर्षण होते. "अगं, मला पण एकदा बसव की," असे त्या रोज म्हणत. त्यांची हाडे ठिसूळ झालेली आहेत, शिवाय रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. त्यांच्या डॉक्टरांनी पाठीच्या रोलरांना साफ नकार दिला, कारण अशा हाडांवर यंत्राच्या दाबाने मणका किंवा बरगडी दुखावू शकते. पोटऱ्यांभोवतीच्या हवेच्या पिशव्या सर्वांत हलक्या पातळीवर थोडा वेळ चालतील, असे त्यांनी पाय तपासून सांगितले. सासूबाई त्यावर नाराज झाल्या. "आमच्या गावी पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण पळायची, तिथे कोणी हाडे तपासत नव्हते," हे ऐकवून झाले, आणि मग पिशव्या फुगू लागताच त्या हसत सुटल्या. आता त्या तेवढ्यावर समाधानी आहेत. अलीकडे शस्त्रक्रिया किंवा अस्थिभंग झालेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, पेसमेकर बसवलेल्यांनी, पायाच्या शिरेत गुठळी झालेल्यांनी किंवा कर्करोगाचा इतिहास असलेल्यांनीही आधी आपल्या डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद कमी झाली, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मात्र कोणत्याही खुर्चीत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

देखभालीचे काम फारसे नाही. घामाने कृत्रिम चामड्याला तडे जाऊ नयेत म्हणून ओल्या फडक्याने पुसून कोरडे करणे, आणि रोलरांवरचे कापड कुठे उसवले आहे का ते बघणे. कापड फाटले असेल तर ते बदलेपर्यंत खुर्ची वापरायची नाही, कारण उघड्या रोलरांत केस आणि कपडे ओढले जाण्याचा धोका असतो. बंद होताना पायाचा भाग खाली येतो तेव्हा त्याखाली लहान मूल किंवा मांजर नाही ना, हे बघण्याची सवय आम्ही घरात सगळ्यांना लावली आहे.

व्यवसायबंधू विचारतात, तेव्हा मी त्यांना दिवसभर काम केल्यानंतर, थकलेल्या पाठीने दुकानात जायला सांगते. सुट्टीच्या दिवशी ताज्यातवान्या अंगाला कोणतीही खुर्ची बरी वाटते. विक्रेत्याला रिमोटला हात लावू न देता सर्वांत हलका कार्यक्रम पूर्ण चालवून बघावा, आणि दुसऱ्या दिवशी पाठ काय म्हणते हे पाहूनच पैशांचे बोलावे. यातल्या एका मित्राने खुर्चीच्या निम्म्याहूनही कमी खर्चात खोगिराच्या आकाराचे स्टूल आणि मान न झुकवता दात दिसेल अशा भिंगाचा चष्मा घेतला. त्याची पाठ माझ्यापेक्षा आधी सुधारली, आणि त्याच्याकडून त्या चष्म्याच्या विक्रेत्याचा नंबर मी आता घेऊन ठेवला आहे.